सुवेजच्या पाटावरचा मामा

वलगाव, चैत्र वद्य पंचमी, शके १७९१

चिरंजीव शालिकराम,

तुझ्या भाटव्याचा, पुंजारामचा, आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. नबीनं ते बडनेऱ्याच्या टेसनावरून फेट्यात खोचून आणलं आणि दारातूनच म्हणाला, ‘पुंजारामभाऊ, तुमचा साळा जित्ता हाय.’ समुद्रापलीकडं हबशी मुलखात, हबसाणच्या लढाईवर, सरकारनं नेलेल्या गाडीवानांतले कोण परतले, कोण राहिले, याची नक्की खबर इकडं कुणालाच नव्हती. म्हणून आम्ही तुझं नाव जपून घेत होतो. तुझी अक्षरं पाहिली आणि जीव भांड्यात पडला. अक्षर मात्र अजून तसंच, एक दुसऱ्याच्या अंगावर रेललेलं. मुंबईच्या वाटेवर मुक्कामात गाडीच्या फळीवर कोळशानं गिरवून घेत होतो, तेव्हाच सांगितलं होतं तुला, मधे थोडी जागा सोडत जा.

तू सुवेज नावाच्या गावी आहेस, तिथं दोन समुद्रांच्या मधली वाळू खणून जहाजं जाण्याजोगा पाट काढताहेत, आणि त्या कामावर तू पिण्याच्या पाण्याची गाडी हाकतोस, एवढं कळलं. पत्र मी चावडीवर वाचून दाखवलं. पाट म्हटल्यावर आपले नत्थुजी पुढं सरसावले.

‘कोण्या नदीवरून काढला?’

‘नदी नाई नत्थुजी. इकडून समुद्र, तिकडूनही समुद्र.’

‘मंग उतार कोणीकडं?’

‘उतार नाई.’

‘उताराबिगर पाट? शालिकरामले उन्ह लागलं असन.’

तेव्हा पुढच्या पत्रात उताराचा खुलासा कर. गावाचा जीव त्यात अडकला आहे.

इकडं सगळं ठीक. अमेरिकेतली लढाई संपल्यावर कापसाचा भाव उतरला तो उतरलाच, पण घरात खायला आहे, अंगावर ल्यायला आहे. मुंबईपर्यंतच्या आपल्या गाड्यांचं काम आगगाडीनं खाल्लं. आता मी आणि नबी बडनेऱ्यापर्यंतच कापूस पोचवतो आणि संध्याकाळी घरी जेवतो. पूर्वी अर्धं आयुष्य रस्त्यावर जायचं. बायको म्हणून सांगत नाही, पण तुझ्या बाईच्या हातचं ताजं खायला मिळतं, माझी तक्रार नाही.

तुझी बाई रुख्मिणी खुशाल आहे. भावाचं पत्र आल्याचा तिला फार आनंद झाला. तुला आशीर्वाद सांगते.

वच्छलासाठी अकोल्याचं एक स्थळ आलं आहे. जमलं तर तुळशीचं लग्न लागल्यावर आपलंही उरकू. मामाशिवाय भाचीचं लग्न लागत नाही, हे तुला मी सांगायला नको.

एक राहिलंच. तू लढाईचं लिहिलंस, खेचरांचं आणि उंटांचं लिहिलंस, डोंगर चढणाऱ्या हत्तींचंही लिहिलंस. आपल्या बैलजोडीबद्दल, पाखऱ्या आणि लाख्याबद्दल, एक अक्षर नाही. गडबडीत राहून गेलं असेल. लिही.

तुझा भाटवा,
पुंजाराम


वलगाव, आषाढ शुद्ध दशमी

चिरंजीव शालिकराम,

तुझं उत्तर नाही. पत्र आगबोटीनं येतं, वेळ लागतो, हे समजतं. तरी मी आपला लिहायला बसलो, कारण मागच्या पत्रात मी एक गोष्ट गोड करून लिहिली आणि ती तेव्हापासून टोचते आहे.

तुझ्या बाईनं आशीर्वाद सांगितला नव्हता. पत्र वाचायला घेतलं तशी ती उठून आत गेली. मात्र दाराआडच्या तिच्या बांगड्या वाजत नव्हत्या, म्हणजे काम बंद करून ऐकत होती. वाचून झाल्यावर बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, ‘बैलायचं काय झालं?’ मी म्हटलं, लिहिलं नाही. ती म्हणाली, ‘मंग मले काहून आयकवता?’

तुला तिचा राग माहीत आहे. तू न सांगता गेलास, हे तिनं एखादे वेळी पोटात घातलं असतं. पण सकाळी ती कोंड्याची पाटी घेऊन गोठ्यात गेली आणि तिथं दोन दावी लोंबत होती. दूध तुटल्यापासून हातानं चारून तिनं ती जोडी वाढवली होती. कापूस सोन्यासारखा विकला गेला त्या साली लोकांच्या बायकांनी गोठ पाटल्या केल्या, हिनं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. तुझ्या गाडीला ती जोडी दिली ती भावाचं पोट चालावं म्हणून, सरकारच्या लढाईसाठी नाही. तेव्हापासून ती तुझं नाव घेत नाही. मी विषय काढला की म्हणते, ‘मले भाऊ नाई.’

आता अकोल्याचं ऐक. मुलाचे वडील खुशालराव मोठे कास्तकार, मिशा दाट, बोलणं त्याहून दाट. बैठक बसली, सुपारी फुटायच्या बेतात होती, इतक्यात त्यांनी विचारलं, ‘मुलीचा मामा कोण?’ मी सांगितलं. कुठं असतो तेही सांगितलं, लपवून पुढं अंगाशी आलं असतं.

खुशालरावांनी सुपारी खाली ठेवली. ‘समुद्र लांघलेला माणूस माझ्या सुनेच्या मांगं उभा राहीन? त्यानं कोणाच्या हातचं खाल्लं, काय पेला, कोणाले ठाऊक.’

मी विचारलं, ‘खुशालरावजी, तुमचा कापूस कोठी जाते?’

‘मुंबईले.’

‘अन मुंबईहून?’

‘विलायतेले.’

‘तो समुद्रावरून जाते. तिकडं कोणाच्या हातानं पिंजते, कोण विणते, तुमाले ठाऊक नाई. लुगडं होऊन त्याच समुद्रावरून वापस येते. तुमच्या घरच्या बायका नेसून देवाले जातात का नाई?’

बैठकीत कुणीतरी हसलं. खुशालराव माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी स्वतःच्या धोतराकडं पाहिलं, तेही विलायतीच होतं. सुपारी उचलली आणि म्हणाले, ‘बरं. येऊ द्या मामाले. पण आला पाहिजे बरं का. एवढी वकिली केली तुमी त्याची, आता मले तो माणूस पाहाचाच हाय.’

तर सोयरीक जमली आणि तुझं येणंही ठरलं. मी शब्द देऊन बसलो आहे. तू मंडपात आलास म्हणजे तुझी बाई चार लोकांत तुला टाकून बोलणार नाही, आणि एकदा बोलणं सुरू झालं की पुढचं मी बघतो. पण येण्याआधी बैलांचं लिही. जे असेल ते लिही. ती दाराआड उभी राहून ऐकेल, पण ऐकेल.

तुझा भाटवा,
पुंजाराम


वलगाव, भाद्रपद शुद्ध तृतीया

चिरंजीव शालिकराम,

तुझं मोठं पत्र ऐन पोळ्याच्या आदल्या दिवशी आलं. नबी म्हणाला, ‘सणाच्या तोंडावर सगळ्यायसमोर वाचू नका भाऊ, पहिले एकट्यानं वाचून घ्या.’ मी तसंच केलं. आंब्याखाली बसून वाचलं, डोळे पुसले, आणि मग घरी जाऊन सगळं जसंच्या तसं मोठ्यानं वाचलं.

लाख्या हबसाणच्या किनाऱ्यावर उतरताच तहानेनं गेला. तुझ्या वाट्याचं पाणीही तू त्यालाच पाजलंस तरी गेला. लढाई संपल्यावर उरलेली जनावरं सरकारनं सुवेजला नेऊन लिलावात काढली, पाखऱ्याला पाटाच्या कामावरच्या एका ठेकेदारानं घेतलं, आणि इतर गाडीवान मुंबईच्या बोटीत चढले तेव्हा तू चढला नाहीस. त्याच ठेकेदाराकडं तू पाण्याची गाडी मागून घेतलीस, पाखऱ्याच जुंपलेली. तू लिहिलंस, ‘बाईले सांगा, एक गमावला, दुसरा एकटा सोडून येववत नाई.’

आम्हाला वाटत होतं, तू तोंड दाखवायची लाज म्हणून तिकडं बसलास.

वाचताना मी वर पाहिलं नाही. संपल्यावर पाहिलं, तर तुझी बाई दाराआड नव्हती, माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. पत्राच्या कागदावरून तिनं एकदा हात फिरवला. मग विचारलं, ‘तिकडं त्याले चारा काय भेटते?’ मी पत्रात शोधलं. तू कोरड्या भुशाचं लिहिलं आहेस. ती म्हणाली, ‘भुसा त्याले आवडत नाई. भिजवून द्याले सांगा. थोडं मीठ टाकून.’

दुसऱ्या दिवशी पोळा. तोरणाखाली सगळ्यांच्या जोड्या उभ्या, आमचीही नवी जोडी. घरी आल्यावर तिनं पूजा केली, पुरणपोळी चारली, आणि एक पोळी बाजूला काढून लाख्याच्या खुंट्यापाशी ठेवली. तिथंच पदरात तोंड घालून रडली. मी जवळ गेलो नाही. रडून झाल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन चांगली दणकून जेवली, तेव्हा मला बरं वाटलं.

आता हा आशीर्वाद खरा आहे, मी घातलेला नाही. ती इथं पाठीशी बसून सांगते आहे, ‘लिहा, बाईनं आशीर्वाद सांगितला. अन लिहा, गाडीवर पानी जास्त भरू नको, त्याचा डावा खांदा लहानपणापासून नाजूक हाय.’

उताराचा खुलासा पोचला. दोन्ही समुद्र एकाच पातळीत, म्हणून पाणी दोन्हीकडून येऊन मधे गळाभेट घेतं, हे नत्थुजींना पटलं नाही. त्यांना भीती आहे की हे पाणी फिरत फिरत वलगावच्या विहिरीत खारं होऊन येईल. ते रोज सकाळी चूळ भरून बघतात.

लग्न मार्गशीर्षात आहे. आता प्रश्न एकच. तू आलास तर पाखऱ्याचं काय, आणि नाही आलास तर खुशालरावांना दिलेल्या शब्दाचं काय. दोघांनाही आणता येईल का, याची काही तजवीज बघतो. तूही तिकडं विचार. ठेकेदार बैल सोडायला तयार आहे का, ते आधी बघ.

तुझा भाटवा,
पुंजाराम


वलगाव, कार्तिक वद्य द्वितीया

चिरंजीव शालिकराम,

तुझा पाट उघडला. अमरावतीच्या बाजारात तारेनं खबर आली, बादशहा आणि राण्या जहाजांत बसून त्यातून गेल्या म्हणतात. गावानं माझं अभिनंदन केलं, जसा काही मीच खणला. तुझंही पत्र मिळालं. काम संपलं, ठेकेदार पाखऱ्या तुलाच देऊन टाकायला तयार आहे, पण मुंबईची कोणतीही बोट बैल चढवून घेत नाही, आणि त्याला सोडून तू येणार नाहीस. ठीक. तू येणार नाहीस, हे वाचलं तेव्हा तुझ्या बाईनं मान डोलावली, रागानं नाही.

मी तजवीज बघतो म्हणालो होतो, ती सांगतो. गेल्या पंधरवड्यात अमरावतीला कापसाचा साहेब आला. तंबू ठोकला, आम्हा गाडीवाल्यांना आणि कास्तकारांना बोलावलं. नबीला हिंदुस्थानी चांगली येते, म्हणून तो मधे बसला. साहेबानं मेजावर नकाशा पसरला आणि बोट फिरवून दाखवलं, पूर्वी मुंबईचं जहाज सगळ्या हबशी मुलखाला वळसा घालून विलायतेला जायचं, आता इथून सरळ. नबी म्हणाला, ‘म्हणजे त्या वळशाच्या खलाश्यायचं आपल्या गाडीवाल्यायसारखंच झालं. बसतीन आता चिलमी ओढत.’

साहेबाला सगळं हवं होतं. वेचणी कधी लागते, सरकी कोण काढतं, कापूस बडनेऱ्याला लवकर कसा पोचेल, त्यात माती कोण मिसळतं. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी खरं सांगितलं, फक्त शेवटचं सोडून. मग मी विचारलं, हा पाट तर फ्रान्सच्या फरासिस लोकांनी खणला म्हणतात, तुमच्या सरकारला त्याचं एवढं काय? नबीनं विचारायला का कू केलं, पण विचारलं. साहेब हसला. म्हणाला, खणला त्यांनी, पण त्यातून जाणारी जहाजं जास्त आमचीच असतील. आमचा कापूस, आमचं टपाल, आणि वेळ पडली तर आमची पलटण, हिंदुस्थानात लवकर उतरायला तोच रस्ता. आधी आमच्याच मोठ्या लोकांनी वाळूत पाट टिकायचा नाही म्हणून नावं ठेवली होती, आता त्यांनाच त्याची किल्ली आपल्या कमरेला असावी असं वाटतं.

माणूस मोकळा वाटला म्हणून मी माझं सांगितलं. म्हटलं, त्या पाटाच्या तोंडाशी आमचा एक माणूस आहे आणि एक बैल आहे. सरकारनंच जहाजात घालून नेलेला. तेवढी एक चिठ्ठी द्या, परतीच्या बोटीवर कोपऱ्यात उभा राहील, चारा आमचा.

नबीनं सांगितलं. साहेबानं डोकं खाजवलं, कारकुनाशी बोलला, कारकून त्याच्याशी बोलला. मग नबी माझ्याकडं वळला, आणि त्याचं तोंड बघूनच मी समजलो.

‘साहेब म्हणते, नेतानी बैल सरकारचा होता. आनतानी तुमचा हाय.’

साहेबाला वाईट वाटलं असावं, त्यानं मला चिरुट दिला. मी नबीला दिला. वाटेत तो ओढत होता आणि खोकत होता आणि म्हणत होता, ‘एवढं मोठं राज्य, भाऊ, पन एका बैलाची जागा नाई त्याच्यापाशी.’

घरी येऊन तुझ्या बाईला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती निवडत असलेल्या तुरीतून खडे काढत राहिली. मग म्हणाली, ‘लिहा त्याले, येऊ नको. मी सांगून राहिली म्हना. पाखऱ्या हाय तोवर त्याच्यापाशीच राह्य. लग्न काय, कोणीतरी उभं राहीन.’

‘अन खुशालराव?’ मी विचारलं.

‘त्यायचं मी पाहीन.’

कसं पाहणार, ते सांगितलं नाही. मला आता रात्री नीट झोप लागत नाही. अकोल्याहून माणूस येऊन विचारून गेला, मामा कोणत्या गाडीनं येणार, बडनेऱ्याला कुणाला पाठवू. मी म्हटलं, बघू. शब्द माझा गेला आहे, शालिकराम, आणि मंडपात बसलेलं अख्खं अकोलं परत उठून गेलं तर वच्छलाला काय तोंड दाखवू. पण तू यायचं नाही. तुझ्या बाईनं सांगितलं आहे, आणि या घरात शेवटचा शब्द कुणाचा, तुला ठाऊक आहे.

तुझा भाटवा,
पुंजाराम


वलगाव, मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा

चिरंजीव शालिकराम,

लग्न लागलं. आधी तेवढं वाचून दम घे, मग पुढचं वाच.

अकोल्याची मंडळी गाड्या भरून आली. खुशालरावांनी उतरल्या उतरल्या मंडपभर नजर टाकली. मी पाणी द्यायला गेलो, तर म्हणाले, ‘तो समुद्रावाला कोठी हाय?’ मी म्हटलं, ‘आधी हातपाय धुवा.’ हातपाय धुतले. ‘कोठी हाय?’ मी म्हटलं, ‘जेवन करून घ्या.’ ‘पुंजारामजी,’ ते म्हणाले, ‘लग्नाआधी जेवन कोणी करते का?’ तेव्हा मला पळून जावंसं वाटलं.

मुहूर्त आला. अंतरपाट धरला. वच्छला हळदीची साडी नेसून पाटावर उभी राहिली. भटजींनी विचारलं, ‘मुलीचे मामा?’

मी तुम्हा भावंडांचा चुलत भाऊ जानराव याला तयार ठेवला होता. नवा फेटा बांधून दिला होता. तो पुढं सरकला. तेवढ्यात तुझी बाई बायकांतून उठून आली. मुलीची आई त्या वेळी तुळशीपाशी जाऊन बसते, हे भटजी सांगायला लागले, तर तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. जानरावला म्हणाली, ‘तू बस बाबू. ही जागा माझ्या भावाची हाय.’ आणि स्वतः वच्छलाच्या मागं जाऊन उभी राहिली, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून.

बायका माना उंचावून बघू लागल्या. वाजंत्रीवाल्यांनीही सनई तोंडातून काढली.

खुशालराव उठले. ‘बाई, मामा कोठी हाय?’

‘सुवेजच्या पाटावर.’

‘येतो म्हनला होता.’

‘तसं त्यानं नाई, आमीच म्हनलो होतो. मी त्याले नोको येऊ म्हनून सांगतलं.’ आणि मग तिनं सगळ्या मंडपासमोर सांगितलं. लाख्या कसा गेला, पाखऱ्या लिलावात कसा निघाला, बोट समोर उभी असताना तू कसा चढला नाहीस, आणि सरकारनं बैल आणायला कशी जागा दिली नाही. आवाज चढवला नाही, शेजारणीला सांगावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘भाचीच्या मांगं उभं राहाले त्यानं बैल टाकला असता, तर मी त्याले या मंडपात पाय ठेवू देला नसता. तो येईपर्यंत त्याची जागा मी धरली. तुमाले चालत नसन तर सांगा.’

खुशालरावांच्या घरी बैलांच्या किती जोड्या आहेत, मला माहीत नाही, पण त्यांच्यामागं बसलेल्या अकोल्याच्या म्हाताऱ्यांनी माना हलवायला सुरुवात केली ती मी पाहिली. खुशालराव मात्र हलले नाहीत. मिशीवरून हात फिरवत तुझ्या बाईकडं बघत होते. माझ्या हातातल्या अक्षता घामानं भिजल्या.

मग ते भटजींकडं वळले. ‘थांबले काहून? म्हना. मामा हजर हाय.’

सनई सुरू झाली. लोकांनी अक्षता टाकल्या, मी टाकायच्या विसरलो, त्या मुठीत तशाच राहिल्या.

जेवणं झाली. खुशालरावांनी नबीला जवळ बसवून पाटाची सगळी हकिकत काढून घेतली आणि जाताना मला म्हणाले की तुमचा साळा कधी का येईना, तो आणि बैल दोघं पहिले अकोल्याला उतरतील, वलगावला मागून. तुझ्या बाईला हे मान्य नाही. त्यावर पुढं भांडण होईल असं दिसतं, पण ते चांगलं भांडण असेल.

आज पहाटे वच्छला सासरी निघाली. गाडीत बसण्याआधी आईच्या गळ्यात पडली, आणि कानाशी लागून काहीतरी बोलली. तुझी बाई हसली, रडता रडताच. मी मागाहून विचारलं, काय म्हणाली पोरगी?

‘म्हने, मामाचे हात लय गरम होते माय.’

तुझा भाटवा,
पुंजाराम